एका ताग्यातली पोलकी

गेल्या उन्हाळ्यात नातीचं लग्न झालं. हळदीच्या संध्याकाळी पुतण्याच्या मुलानं माईक हातात घेतला आणि आमच्या घरातली ती नेहमीची गोष्ट सांगितली. "आमच्या आज्जीनं निमगावात पहिल्यांदा फॅशन आणली. फुग्याच्या बाह्या! सासूलासुद्धा घालायला लावल्या!" मांडवात हशा झाला, टाळ्या पडल्या. आज्जी म्हणजे माझी बायको. ती खुर्चीत बसून पदराआड हसत होती. मीही हसलो. साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट निघाली की मी असाच हसत आलो आहे.

गोष्ट खरी आहे, फक्त तिच्यातलं माणूस चुकीचं आहे. फॅशन तिनं आणली नाही, मी आणली. तिनं मागितलीही नव्हती. आता नव्वदी जवळ आली आहे आणि मला हसून वेळ मारून नेण्याचा कंटाळा आला आहे. म्हणून झालं ते सरळ लिहून ठेवतो.

आमचा मळा निमगाव केतकीच्या शिवारात, बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडा आत. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, काकडी आणि कडेला थोडा ऊस. त्या रस्त्यावर एसटी धावायला लागली होती आणि आणे जाऊन नवे पैसे अजून यायचे होते, तेव्हाची ही हकिकत. घरात आई, तात्या, आम्ही तिघे भाऊ, त्यांत मी धाकटा, आणि तीन सुना. तात्या म्हणजे माझे वडील. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको बारामतीच्या पेठेत वाढलेली, चार इयत्ता शिकलेली. अशी मुलगी मळ्यात टिकेल का, याची आईला पहिल्या दिवसापासून शंका. ती टिकत होती. खुरपायला बसली की थोरल्या वहिनींच्या मागं राहायची नाही. पण आईची नजर तिच्यावर असायची. तोडलेल्या वांग्याचा देठ जरा लांब राहिला तरी, "बारामतीला असंच तोडत्यात व्हय?" असं ऐकू यायचं.

चैत्रात गावची जत्रा. जत्रेच्या आधी तात्या बारामतीला जाऊन छिटाचा एक तागा आणत आणि त्या एका ताग्यातून घरातल्या सगळ्या बायकांची पोलकी होत. आईचं आणि तिन्ही सुनांचं. रंग एक, नक्षी एक, शिलाई एक. एकीला निळं आणि दुसरीला हिरवं आणलं की घर फुटायला सुरुवात होते, असं तात्यांचं ठाम मत होतं. रंग नेहमी मळखाऊ, कारण पोलकं जत्रेपुरतं नवं, पुढं वर्षभर ते रानातच जायचं. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत अशीच रीत होती. जत्रेच्या दिवशी बायका डोक्यावर नैवेद्याच्या पाट्या घेऊन ओळीनं देवळाकडे निघाल्या की कुठल्या घरच्या बायका चालल्यात ते लांबून पोलक्यावरून कळायचं. दोन्ही बाजूंना गाव उभं असायचं. कुणाचं कापड भारी, कुणाचं विटकं, कुणाच्या सुना कशा चालतात, सगळं त्या दिवशी बघितलं जाई.

त्या फाल्गुनात मी पहिल्यांदा पुण्याला गेलो. बारामतीच्या अडत्याचा मालाचा ट्रक निघाला होता, त्यात आमची मिरचीही होती. माल उतरवून झाल्यावर दुपार रिकामी होती. लक्ष्मी रस्त्यावर हिंडताना एका कापडाच्या दुकानाच्या काचेमागं प्लास्टरच्या बायका उभ्या दिसल्या. उन्हाळ्याचं नवं कापड त्यांच्या अंगावर घातलेलं. फिकट, आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाचं नेसूचं पातळ आणि पोलक्याची बाही खांद्यावर फुगलेली, दंडावर आवळलेली. रस्त्यानं जाणाऱ्या मुलींच्या अंगावरही तशाच बाह्या. मी काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिलो, की दुकानातला माणूस बाहेर आला.

"पाव्हणं, पुतळा विकायचा नाहीये. पातळ विकायचंय."

मी तिथून पळालोच. पण ती बाही डोक्यातून गेली नाही. परत येताना ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर पडल्या पडल्या मी त्या पुतळ्याच्या जागी बायकोला बघत होतो. पातळ घेणं माझ्या हातात नव्हतं. रंग निवडणंही नव्हतं. पण ताग्याचं कापड शिंप्याकडे मीच पोचवणार होतो. बाही तर नुसती शिंप्याच्या कात्रीची गोष्ट.

यात बायकोला विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही. हे आधी कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

तात्यांनी तागा आणला. वांग्यासारखा जांभळा, त्यावर पांढरे ठिपके. मी तो घेऊन बारामतीच्या शिंप्याकडे गेलो. त्या काळी शिंपी बायकांची मापं घेत नसत. घरातून जुनी पोलकी जायची, त्यावरून नवी बेतायची. मी कापडाबरोबर चार जुनी पोलकी नेली होती. सगळ्यांत वर बायकोचं ठेवलं होतं.

दुकानात सणसरचे एक बागायतदार बसले होते. तात्यांच्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या देखत "माझ्या बायकोच्या पोलक्याला" असं म्हणणं मला शक्य नव्हतं. बायकोचं नाव तर सोडाच, ती अमुक एक पोलकं घालते हे बोटानं दाखवणंही तेव्हा लाजिरवाणं वाटे. मी वरच्या पोलक्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणालो, "औंदा बाही जरा पुण्याची करा. फुग्याची."

शिंप्यानं चष्म्यावरून बघितलं. "फुग्याची?"

"व्हय."

"तात्यास्नी चालंल?"

सणसरच्या पाहुण्यांनी मान वर केली. मी घाईत म्हणालो, "चालंल की. चालंल."

मी निघालो. मागून शिंपी पाहुण्यांना म्हणताना ऐकू आला, "मळ्यातली माणसं, पण सुदारली बरं का." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी गाठोडं घेऊन एसटीनं घरी आलो. गाठोडं उघडून बघायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी आईनं ते ओसरीवर सोडलं. तिन्ही सुना भोवती बसल्या. आईनं पहिलं पोलकं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"ह्ये काय? पोलक्याला वांगी लागल्याती व्हय?"

थोरल्या वहिनी फसकन हसल्या. आईनं दुसरं उचललं. त्यालाही फुगे. तिसऱ्याला, चौथ्याला. त्या घरात एक कापड म्हणजे एक शिलाई, हे शिंप्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. मी एकीचं म्हणालो नव्हतो, त्यानं चौघींचं केलं होतं. सगळ्यांत मोठे फुगे आईच्या पोलक्याला आले होते, कारण आईचे दंड जाड.

"मी हे घालून देवळात जाऊ? देव उठून पळंल!" आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "कुणी सांगितलं हे शिंप्याला?"

 मधल्या वहिनींनी धाकटीकडे बघितलं. थोरल्या वहिनींनीही बघितलं. पुण्या-बारामतीचं वारं या घरात दुसऱ्या कुणाला लागणार?

"धाकटे, तू सांगितलंस ह्याला?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, प्रश्न होता. तिला एका क्षणात कळलं होतं. मी खुंट्याला बांधलेल्या बैलाकडे बघत होतो. माझे दोघे भाऊ तिथंच बसले होते. बायकोच्या बाह्या मी शिंप्याला सांगून आलो, हे त्यांना कळलं असतं तर जन्मभर मला "बायकूचा शिंपी" म्हणून हाक मारली असती. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

बायको हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. खाली बघून चौथ्या पोलक्याची घडी करायला लागली. आमच्या घरात याला होच समजत.

"उद्या ही घरीच ऱ्हाईल," आई म्हणाली. "जनावरांपाशी कुणीतरी पायजेच. निवद मधली नेईल."

यातली मेख सांगायला हवी. लग्नानंतरची तिची ही पहिलीच जत्रा होती, कारण आदल्या वर्षी जत्रेच्या वेळी ती माहेरी आजारी होती. नवी सून पहिल्या जत्रेला नैवेद्य घेऊन गावासमोरून चालली की ती घरची झाली, असं मानत. त्यासाठी तिची आई बारामतीहून मुद्दाम येणार होती. लेक त्या ओळीत चालताना तिला बघायची होती. आता ओळीत लेक नसणार होती आणि का नाही, ते कुणीतरी तिला सांगणार होतं.

सकाळी दुसरी नवी पोलकी कुठून आणणार? नव्या लुगड्यावर जुनं पोलकं म्हणजे घरात काही कमी पडलं की काय, असं गावाला वाटणार. आईनं फुग्याचंच घातलं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून असा आवळून घेतला, की थंडी वाजतेय असं वाटावं. चैत्राचं ऊन होतं. मी बैलगाडीशेजारून चालत होतो. बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या अंगावर जुनंच पोलकं होतं.

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. नैवेद्याच्या पाट्या डोक्यावर गेल्या. मधल्या वहिनींनी हात वर केला आणि चालता चालता थोरलींना म्हणाल्या, "अगं, काखंत वढतच न्हाय!"

आधीच्या बाह्या घट्ट असायच्या. पाटी धरायला हात वर केला की काखेत ताण यायचा आणि सुगी संपेपर्यंत तिथं उसवायचंच. फुग्यात कापड सैल होतं. थोरलींनी हात वर-खाली करून बघितला. आईनंही बघितला, पण पदराच्या आतल्या आत. देवळाशी पोचेपर्यंत गावातल्या बायकांनी घेरलं. कुणी बाही चिमटीत धरून बघतंय, कुणी आत किती चुण्या घातल्यात ते मोजतंय.

"कुठं शिवलं गं?"

"बारामतीला."

"म्हातारीनंबी घातलंय की! आत्याबाई, लई शोभतंय!"

"गप गं, शोभतंय म्हनं," आई म्हणाली. पण दुपारपर्यंत पदर एका खांद्यावर आला होता.

बायकोची आई तेवढ्यात एसटीनं उतरून आली. हातात नारळ, नवं झंपराचं कापड आणि डब्यात पुरणपोळ्या. तिनं ओळ निरखली, पुन्हा निरखली. "विहीणबाई, माझी लेक कुठं?"

आई तोवर निम्मी खूश झाली होती, पण शब्द कालचेच होते. "ती घरी हाय. ही तिचीच फॅशन. तिनंच परस्पर शिंप्याला सांगितलं. आमाला इचारलंबी न्हाय."

ते ऐकून तिच्या आईचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. ती जत्रेत थांबली नाही. सरळ मळ्यावर गेली. मी गाडी घेऊन मागोमाग गेलो. मी घराजवळच्या पाटाशी बैलांना पाणी पाजत होतो आणि आतून आवाज येत होता.

"सासरच्या ताग्यावर आपली आवड काढतीस? एकच वर्स झालंय अजून! हेच शिकवलं व्हय मी?"

बायकोचा आवाज नव्हता. बैलांचं पाणी केव्हाच पिऊन झालं होतं, तरी मी बादली धरून उभा होतो.

मग मी सासूबाईंना गाडीतून फाट्यावर सोडायला निघालो.  अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोर शहरात वाढली. चुकली. तुमी सांभाळून घ्या."

हे त्या मला म्हणाल्या. माझ्या कामाची माफी त्या माझ्याकडे मागत होत्या. वाटेत आम्ही दोघंच होतो, बैल होते. भाऊ नव्हते, कुणी चेष्टा करायला नव्हतं. तिथं बोलायला काही हरकत नव्हती.

मी म्हणालो, "असू द्या."

एसटी आली आणि त्या गेल्या.

इथवरचा भाग लिहायला मला जड गेला. पुढचं सोपं आहे, कारण पुढं सगळं चांगलंच झालं. जत्रेनंतर पंधरा दिवसांत बारामतीच्या शिंप्याकडे निमगावच्या बायकांची कापडं चढायला लागली. मग ती फॅशन आमच्या रानात उतरली आणि रानानं तिला आपल्या सोयीची करून घेतली. उसाच्या पात्यात फुगा अडकायला लागला, तेव्हा थोरल्या वहिनींनी तो निम्मा केला. पुण्यात बाहीला झालर होती, आमच्याकडे दंडावर जाड पट्टी आली, कारण मिरची तोडताना झालर तिखटात माखायची आणि मग घाम पुसायची सोय राहायची नाही. आईला त्या पट्टीचा वेगळाच उपयोग सापडला. ती फुग्यात सुपारीचं खांड ठेवायची. कुणी पाहुणी आली की बाहीत बोटं घालून सुपारी काढून द्यायची. पुण्याच्या काचेमागच्या त्या बाईला हे दाखवायला हवं होतं.

आईचा राग असा हळूहळू कौतुकात बदलला. "आमच्या धाकटीला कळतं त्यातलं," असं ती बाजारात सांगायला लागली. पुढच्या चैत्रात तात्या म्हणाले, "धाकटीला घिऊन जा कापडाला. मला नुसता रंग कळतो." सुनेनं बाजारात जाऊन ताग्याची निवड करायची, हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं.

दुकानात तिनं सावकाश एकेक तागा उलगडायला लावला. कापड चोळून बघितलं, उन्हात नेऊन बघितलं, कोपरा ओला करून रंग जातो का बघितलं. मी दाराशी उभा होतो. तिनं फिकट हिरवं, बारीक फुलांचं कापड काढलं. शिंप्याकडे गेल्यावर मात्र तिनं मला लांब उभं केलं आणि स्वतः सांगितलं, "तिघींच्या बाह्या फुग्याच्या. हे माप आहे त्याची साधी. कोपरापर्यंत."

"एका ताग्यात दोन शिलाया?" शिंपी म्हणाला. मागच्या वर्षीचा अनुभव होताच त्याला.

"व्हय. ज्याची त्याची आवड."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तुझी साधी का?"

"मला फुगे आवडतच न्हाईत," ती म्हणाली. "खांदं बसक्या मडक्यावानी दिसत्यात."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? माझं नाव सांगायचं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "पहिल्या दिवशी तुमची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी राग आला म्हणून न्हाय बोलले. मग बाया मला इचारायला यायला लागल्या, बाही कशी घालायची, गळा कसा घ्यायचा. तेव्हा म्हटलं, आता कशाला? शिव्या माझ्या वाट्याला आल्या, तर शाबासकीबी मीच घेईन."

ती हसली, मीही हसलो. आमचा संसार तिथून चांगला लागला, असं मला वाटतं. त्या वर्षीच्या जत्रेत तिनं नैवेद्य नेला. हिरवं पोलकं, साधी बाही. मी गर्दीत उभा राहून बघितली. त्या पुतळ्यापेक्षा कितीतरी बरी दिसत होती. पुढं घरात पोलक्यांचे प्रकार वाढत गेले, कुणी बंद गळा घेतला, कुणी चौकोनी. तात्यांना भीती होती तसं घर काही फुटलं नाही.

पण त्या जत्रेला तिची आई आली नाही. पाय दुखतात, असा निरोप आला. नंतर ती मळ्यावर यायची, तेव्हा लेकीसाठी गडद रंगाचं कापड आणायची आणि माझ्या आईच्या देखत म्हणायची, "हे साधंच शीव बरं का. उगा काही काढू नगंस." माझी आई हसून म्हणायची, "अवो विहीणबाई, आता सगळं गाव काढतंय!" तरी सासूबाईंचा चेहरा काही मोकळा व्हायचा नाही. लेकीनं सासरी पहिल्याच जत्रेला आगाऊपणा केला, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. प्रत्येक वेळी त्यांना फाट्यावर सोडायला मीच जायचो. प्रत्येक वेळी आज सांगू असं ठरवायचो. मग एका पावसाळ्यात त्या वारल्या.

परवा हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, कान मात्र पक्के आहेत. शिंप्याच्या दुकानाचा भाग ऐकून ती पोट धरून हसली. आईच्या सुपारीचा भाग मला दोनदा वाचायला लावला. आता पोरांना खरं कळेल, असं मी म्हणालो.

"पोरांचं काय," ती म्हणाली. "त्यांना दोन्हीकडून गंमतच हाय. माझ्या आईला कोण सांगनार?"

मी कागद खाली ठेवले. तीच म्हणाली, "लिवा की. तिलाच लिवा. वाचंल न्हाय वाचंल, ते तिचं ती बघंल."

म्हणून हे शेवटचं तेवढं त्यांच्यासाठी. सासूबाई, त्या जत्रेला तुमच्या लेकीनं काही मागितलं नव्हतं. शिंप्याला मी सांगितलं. तिला ती बाही आवडलीसुद्धा नव्हती. गाडीत तुम्ही माझ्याकडे माफी मागितलीत, ती मी ठेवून घेतली. ती माझी नव्हती.